माग मंजूर झाले, लोकर मात्र उकिरड्यावर

माणदेशातल्या माझ्या बीटमधल्या एका गावात १ मेच्या ग्रामसभेपुढे एक विषय येणार आहे. गावचं नाव लिहीत नाही, पण वाचणारे ओळखतील. विषय असा की महिला बचत गटांसाठी हातमाग प्रकल्प घ्यायचा, गायरानालगतच्या मोकळ्या जागेत पत्र्याची शेड उभी करायची, तिच्यात बारा चौकटी माग बसवायचे आणि घोंगडी, आसनपट्टी, पिशव्या विणायच्या. कागद चांगला तयार झालाय. अंदाजपत्रक आहे, नकाशा आहे, गटांच्या सह्या आहेत. गेल्या आठवड्यात पूर्वतयारीची बैठक चावडीत झाली तेव्हा मीही हजर होतो. ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे आपले पूर्वीचे ग्रामसेवक भाऊसाहेब, कागद वाचून दाखवत होते. वाचून संपल्यावर भिंतीला टेकून बसलेली एक सणगराची आजी म्हणाली, "भाऊसायेब, माग आणशीला, शेड बांधशीला. लोकर कुठनं आणायची? आन् कातायची कुनी?"

बैठकीत हशा झाला. मला मात्र हसू आलं नाही. साऱ्या प्रकल्पाचं मर्म त्या दोन प्रश्नांत आहे आणि त्या छापील कागदात त्यांची उत्तरं नाहीत. या लेखात त्याचाच जरा विचार करू.

उन्हाळा हाच घोंगडीचा हंगाम

शहरातल्या लोकांना वाटतं, घोंगडी म्हणजे थंडीची वस्तू, तेव्हा ती थंडीत विणत असतील. आपल्याकडे तसं नाही. खड्डा मागावर घोंगडी विणायचा खरा जोर फाल्गुनापासून मृगापर्यंत असतो. याची कारणं साधी आहेत. एक तर ताण्याला खळ लावली की ती उन्हात खडखडीत वाळावी लागते. पावसाळी हवेत खळ ओली राहते, सूत चिकटतं, तुटतं. दुसरं म्हणजे माग जमिनीत खड्डा करून बसवलेला. पावसाळ्यात त्या खड्ड्यात ओल येते, कधी पाणीच उभं राहतं. आणि तिसरं कारण गिऱ्हाइकाचं. मेंढक्याला, गुराख्याला, पेरणीला निघालेल्या शेतकऱ्याला पावसाची खोळ म्हणून घोंगडी हवी असायची ती मृगाच्या आधी. म्हणून मेअखेरच्या बाजारात घोंगडी विकली गेली पाहिजे असा सणगरांचा जुना हिशेब. प्लॅस्टिकच्या खोळी आणि रेनकोट आले तेव्हा या बाजाराचा पहिला खांब कोसळला. पण हंगाम बदलला नाही, कारण ऊन काही बदललं नाही.

आता अशा घरातला उन्हाळ्याचा दिवस पहा. मी स्वतः दोन-तीन घरांत बसून पाहिला आहे. पहाटे चारला घरची बाई उठते ती पाण्यासाठी. टँकर यायचा असेल तर हंडे-घागरी आदल्या रात्रीच ओळीनं लावलेल्या असतात. पाणी, भाकरी, गुरांचं शेण हे होईस्तोवर सहा वाजतात. तोवर बापय माणूस मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला असतो, कारण ऊन तापायच्या आधीचे तीन-चार तास विणायला चांगले. धोट्याची खटखट गल्लीत ऐकू येते. सकाळी नऊच्या सुमाराला गल्लीत ताणा पसरतात. दोन्ही टोकांना खुंट्या, मध्ये काळ्या लोकरीचे ताणलेले पदर, आणि नवरा-बायको दोघं दोन बाजूंनी कुंच्यानं खळ मारत पुढं सरकतात. त्या वेळी त्या गल्लीतून मोटारसायकल न्यायची नाही, हा न लिहिलेला नियम आहे. अजून पाळतात.

दुपारी बारानंतर घर बसतं. बसतं म्हणजे पुरुष जरा आडवा होतो. बाया नाही. ओट्यावर कडुलिंबाच्या सावलीत चरखा, पिंजलेल्या लोकरीचा ढीग, आणि हात चालूच. त्याच सावलीत एका बाजूला चिंच फोडायचं काम चाललेलं. कुरडयांचा गहू तीन दिवस भिजत घातलेला असतो, त्याचं पाणी रोज बदलायचं. सांडगे, पापड, तिखट, हळकुंडं, सगळं याच दोन महिन्यांत. लग्नसराई याच दिवसांत. माहेरवाशिणी आणि त्यांची पोरं याच दिवसांत. म्हणजे ज्या महिन्यांत घरातल्या बाईला श्वास घ्यायला फुरसत नाही, तेच महिने घोंगडीचे. आपल्या कागदात मात्र "महिलांचा उन्हाळ्यातील रिकामा वेळ सत्कारणी लागेल" असं वाक्य आहे. ते वाक्य ज्यानं लिहिलं त्यानं एकदा मे महिन्यात अशा घरी दिवसभर बसून यावं, एवढीच विनंती.

चिंचोक्याचं महत्त्व

खळ कशाची करतात हे नव्या पिढीतल्या पुष्कळांना ठाऊक नाही. चिंचोक्याची. चिंच फोडून झाली की चिंचोके राहतात. ते भाजून वरचं तांबडं साल काढायचं, भिजवायचं, पाट्यावर वाटायचं आणि शिजवून लापशीसारखी खळ करायची. ही खळ लोकरीच्या बारीक केसांना सुतावर बसवते, सूत कडक होतं, फणीतून जाताना फुटत नाही. चिंचोक्याच्या पिठात हा चिकटपणा नैसर्गिकच आहे. म्हणून तर कापडाच्या आणि तागाच्या धंद्यातही खळीसाठी हे पीठ वापरत आले आहेत. आपण व्यापाऱ्याला चिंचोके मातीमोल भावानं देतो, त्याचं पुढं हे होतं.

शेतकऱ्याच्या बांधावरची चिंच, मेंढक्याची लोकर आणि सणगराचा माग या तीन गोष्टी अशा एकमेकांत गुंतलेल्या होत्या. मेंढरं शेतात बसवायची, त्याबद्दल धान्य नाहीतर पैसे द्यायचे. शेताला खत मिळायचं, मेंढक्याला पोटाला मिळायचं. लोकर सणगराकडे जायची, घोंगडी परत शेतकऱ्याकडे यायची. यातला कोणता धागा तुटला हे पाहिल्याशिवाय शेड बांधून काय होणार?

मेंढ्या वाढल्या, लोकर घटली

आता आकड्यांकडे वळू. देशाच्या २०१२च्या पशुगणनेत मेंढ्या सुमारे ६ कोटी ५१ लाख होत्या. २०१९च्या विसाव्या पशुगणनेत त्या सुमारे ७ कोटी ४३ लाख झाल्या. म्हणजे शेकडा १४ने वाढ. आणि लोकर? २०१४-१५ साली देशात सुमारे ४ कोटी ८१ लाख किलो लोकर निघाली होती. २०२२-२३ साली ती सुमारे ३ कोटी ३६ लाख किलोवर आली. जनावरं वाढली आणि त्यांच्या अंगावरचं उत्पन्न कमी झालं, असं दुसऱ्या कुठल्या धंद्यात सहसा दिसत नाही.

कारण सरळ आहे. मेंढी आता मटणासाठी पाळतात. आपली दख्खनी मेंढी काटक. दुष्काळात तग धरते, लांबचं चालते, पण अंगानं लहान आणि तिची लोकर जाड, टोचरी. वर्षाकाठी एका मेंढीपासून अर्धा किलोच्या आसपास लोकर मिळते. जमिनीवर अंथरायच्या एका घोंगडीला ढोबळमानानं अडीच किलो लोकर धरली तर पाच-सहा मेंढ्यांची वर्षभराची लोकर एका घोंगडीत जाते. त्या लोकरीला गिऱ्हाईक नाही म्हटल्यावर मेंढक्यानं काय करावं? त्यानं जतकडचे माडग्याळ जातीचे उंच नर आणले. कुणी आंध्राकडचे नेल्लोर आणले. पिल्लू लवकर वजन धरतं, भाव चांगला मिळतो. पण माडग्याळच्या अंगावर लोकर थोडी आणि नेल्लोर तर केसाळच. दोन-तीन पिढ्यांत कळपातली लोकर जवळजवळ नाहीशी होते.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचा जुळ्या पिल्लांचा गुण दख्खनी मेंढीत आणून नारी सुवर्णा ही मेंढी तयार केली. मेंढपाळाच्या दृष्टीनं फार मोठं काम, यात शंका नाही. पण तिथंही उद्देश पिल्लांची संख्या वाढवण्याचा, लोकरीचा नव्हे. राज्य शासनाची राजे यशवंतराव होळकर महामेश योजना २०१७पासून आली. २० मेंढ्या आणि १ नर, ७५ टक्के अनुदान. या योजनेचा फायदा झालेले मेंढपाळ मी पाहिले आहेत, पण तिथंही लोकरीचा विचार कुणाच्या मनात नाही. मी मेंढपाळाला दोष देत नाही. ज्याला पोरं शिकवायची आहेत तो मटणाच्या भावाकडेच बघणार.

गेल्या वर्षी एका वाड्यावर कातरणी चालली होती. कातरणारे मेंढीमागं पैसे घेत होते. कातरलेली लोकर पोत्यात भरून ठेवली असेल म्हणून विचारलं, तर मेंढक्यानं ओढ्याच्या काठाकडं बोट दाखवलं. काळ्या लोकरीचा कमरेइतका ढीग, वर कुत्री बसलेली. "इकत कुनी घेत न्हाय सायेब. पोतं भरून बाजारात न्यायचं भाडं बी निघत न्हाय. अंगावर ठिवली तर मेंढराला गोचीड हुतंय, म्हनून कातरायची." म्हणजे कातरणी हा त्याला आता खर्च आहे, उत्पन्न नाही. आणि तिथून चार-पाच मैलांवरच्या आपल्या प्रकल्पाच्या कागदात "कच्चा माल बाहेरून गिरणीचे सूत खरेदी" असं लिहिलंय. हे वाचून राग यावा की हसावं कळत नाही.

योजना आहेत, पण कुणासाठी?

सरकारनं काहीच केलं नाही असं म्हणणं खरं नाही. १९८५चा हातमाग आरक्षण कायदा आहे. काही प्रकारचं कापड फक्त हातमागावरच विणावं असं त्यात आहे. सुरुवातीला २२ प्रकार होते, १९९६ साली ते ११वर आणले. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयानं हा कायदा योग्य ठरवला. त्या अकरांत कांबळ-कांबळी आहे, हे कित्येक विणकरांनाही माहीत नाही. पण कायदा यंत्रमागाला अडवतो, प्लॅस्टिकला आणि पानिपतकडच्या स्वस्त ब्लँकेटच्या ढिगाला अडवत नाही. त्यातलं बरंचसं चिंध्यांपासून नाहीतर कृत्रिम धाग्यापासून बनतं आणि बाजारात शे-दोनशेत मिळतं.

राज्याचं वस्त्रोद्योग धोरण २०२३ ते २०२८ या काळासाठी आहे. त्यात पैठणी, हिमरू, करवत काठी, खण यांच्याबरोबर घोंगडीचंही नाव घातलंय, ही चांगली गोष्ट. नोंदणी झालेल्या हातमाग विणकरांना वर्षाला उत्सव भत्ता, बाईला १५ हजार आणि पुरुषाला १० हजार, आणि विणकर कुटुंबाला महिना २०० युनिट वीज मोफत अशीही तरतूद आहे. केंद्राच्या कार्यक्रमात माग आणि सरंजामासाठी ९० टक्के खर्च केंद्र देतं, विणकराला ६ टक्के व्याजानं मुद्रा कर्ज मिळतं, आणि सुतावर १५ टक्के सूट मिळते. पण ही सूट गिरणीतून येणाऱ्या सुताला. जी बाई ओट्यावर बसून गावची लोकर कातते तिच्या सुताला त्यातून दमडी मिळत नाही, कारण ते सूत कुठल्या बिलावर येत नाही.

सप्टेंबर २०२३मध्ये प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना आली तेव्हा पुष्कळ सणगर बांधव आमच्याकडे अर्ज घेऊन आले. १८ व्यवसायांची यादी आहे. सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, न्हावी, माळी, टोपल्या-चटया विणणारे, मासेमारीचं जाळं करणारे, सगळे आहेत. हातमाग विणकर त्यात नाही. त्याचं खातं वेगळं, म्हणून. नियम म्हणून ठीक असेल, पण पंचायत समितीच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला खात्यांची वाटणी समजावून सांगणं अवघड असतं. मी तीन-चार जणांना असं परत पाठवलंय.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. यातल्या बहुतेक योजनांचं दार एकाच किल्लीनं उघडतं, ती म्हणजे विणकराचं ओळखपत्र. २०१९-२० साली चौथी हातमाग गणना झाली. देशात सुमारे ३५ लाख २२ हजार कामगार मोजले गेले. त्यात विणणारे सुमारे २६ लाख ७३ हजार आणि कातणे, ताणा काढणे, खळ लावणे अशी जोडकामं करणारे सुमारे ८ लाख ४८ हजार. विणकरांत शेकडा ७०हून जास्त बाया आहेत, तो आकडा मुख्यतः ईशान्येकडच्या राज्यांमुळे. आपल्याकडे घोंगडीत उलटं आहे. मागावर बापय बसतो आणि कातणी, खळ, ताणा बाईकडे. एका मागाला पुरेल एवढं सूत कातायला दोन-तीन बायांचे हात लागतात, हे मी पाहून सांगतो. ओळखपत्र मात्र मागावर बसलेल्याच्या नावानं. कुटुंबातला विणणारा वारला की घरात कातणारी बाई उरते आणि तिच्याकडे कसलाच कागद नसतो. माझ्या बीटमध्ये अशा विधवा आहेत. गणनेनं ज्यांना जोडकामगार म्हणून मोजायला हवं होतं, त्यांच्या घरी त्या वेळी मोजणाराला फक्त "माग चालू आहे का" एवढंच विचारायचं सुचलं असावं.

त्याच गणनेनं आणखी एक गोष्ट सांगितली. सुमारे दोन तृतीयांश विणकर कुटुंबांची महिन्याची कमाई ५ हजार रुपयांच्या आत आहे. २०२५-२६ साली आपल्या राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. महिन्यातले सोळा-सतरा दिवस मातीकाम केलं तर तेवढे पैसे सुटतात, आणि त्यात एकाच माणसाचे हात लागतात. घोंगडीत सारं घर लागतं. मग पोरगा मागावर का बसेल? पुण्याला हॉटेलात गेलेल्या पोराला कला सोडली म्हणून नावं ठेवणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा.

माझीही एक चूक

दुसऱ्याच्या कागदाला नावं ठेवण्याआधी स्वतःचं सांगतो. नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली होती. दुसऱ्या एका गावात एका खात्यातर्फे बायांना विणकामाचं प्रशिक्षण द्यायचं होतं. वीस नावं हवी होती. मी मेळाव्यात उभं राहून मोठं भाषण केलं, घरोघर फिरलो आणि वीसच्या ऐवजी पंचवीस नावं दिली. प्रशिक्षण एप्रिल-मेमध्ये ठेवलं, कारण मार्चअखेर पैसे आले होते. वेळ सकाळी अकरा ते पाच. पत्र्याच्या खोलीत. पहिल्या आठवड्यात पंचवीस बाया, तिसऱ्या आठवड्यात अकरा, शेवटी फोटोच्या दिवशी पुन्हा पंचवीस. माग चांगले होते, उभे, लोखंडी चौकटीचे, पण त्यावर गिरणीचं सूत चालायचं, आपली जाड लोकर फणीत अडकायची. सूत संपल्यावर दुसरं कुणी आणलं नाही. दोन वर्षांनी मी त्या खोलीत गेलो तर एका मागावर कांदे वाळत टाकलेले होते. एका बाईनं मला चहा दिला आणि काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं. तेव्हापासून प्रकल्पाच्या कागदात मागांची संख्या दिसली की मी आधी कच्च्या मालाचा रकाना बघतो.

मग करायचं काय?

घोंगडीचा धंदा संपला, आता त्याच्यावर पैसा घालू नये, असं म्हणणारे अधिकारी आमच्यातही आहेत. मला ते पटत नाही. खंडोबा-बिरोबाच्या जागरणाला, धनगरांच्या कार्याला घोंगडी लागतेच. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत अजून घोंगड्यांची खरेदी होते. म्हसवडच्या घोंगडीचं नाव काढत गिऱ्हाईक येतं. कंबरदुखीवर, वातावर गुण येतो म्हणून शहरातले लोक मागतात. गुण येतो की नाही ते डॉक्टरनं सांगावं, पण गिऱ्हाईक आहे हे खरं. जावळाच्या, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीच्या मऊ लोकरीच्या घोंगडीला तर मागेल तो भाव मिळतो. तेव्हा गिऱ्हाईक थोडं आहे, पण जाणकार आहे. बारा मागांचा माल त्याला खपणार नाही. तीन-चार मागांचा खपेल. ग्रामसभेनं पहिली दुरुस्ती इथंच करावी. माग कमी करा, आणि नवे चौकटी माग आणण्यापेक्षा गावातले जे पाच-सहा खड्डा माग बंद पडलेत त्यांची फणी, धोटा, लाकूडकाम दुरुस्त करून द्या. ज्याच्या घरी माग आहे त्याच्या घरीच तो राहू द्या. मे महिन्याच्या दुपारी मातीच्या घरातल्या खड्ड्यात बसलेल्या माणसाचे पाय तरी गार राहतात. पत्र्याच्या शेडमध्ये मेंदू तापतो.

वाचलेला पैसा लोकरीकडे वळवा. वाड्यावाड्यावर कातरणी होते ती एका ठरलेल्या दिवशी, एका ठिकाणी झाली तर खाली ताडपत्री टाकता येईल. मातीत पडलेली, काटे-कुसळ भरलेली लोकर पिंजताना निम्मी वाया जाते. कातरायच्या आधी शक्य तिथं मेंढरं धुवावीत, पण एप्रिलात आपल्याकडे प्यायलाच पाणी नसतं, तेव्हा हा सल्ला पावसाळ्यानंतरच्या कातरणीसाठी. काळी, करडी, पांढरी आणि जावळ अशी चार पोती वेगळी करायला पैसा लागत नाही. कातरणाऱ्याची मजुरी गटानं दिली तर मेंढका लोकर फुकट देईल, हे मी दोन मेंढक्यांना विचारूनच लिहितोय. आणि ज्या कळपात अजून निव्वळ दख्खनी मेंढ्या आहेत ते मेंढपाळ कोण, किती, याची पशुवैद्यकीय दवाखान्याच्या मदतीनं यादी करा. मला वाटतं ती यादी करताना धक्का बसेल.

विणायला न चालणारी उरलेली रद्दी लोकर ओढ्यात टाकू नका, हे शेतकी माणूस म्हणून आवर्जून सांगतो. लोकरीत नत्र असतं आणि ती सावकाश कुजते. डाळिंब, सीताफळ, आंब्याच्या नव्या रोपांच्या आळ्यात बुंध्यापासून वीतभर लांब, चार बोटं जाड थर देऊन वर माती नाहीतर पाचट टाका. पाणी धरून ठेवते, तण कमी येतं. आधी पाच-दहा झाडांवर करून पहा, वाळवी लागते का तेही बघा, मग पुढचं. गेल्या उन्हाळ्यात एका शेतकऱ्यानं माझ्या सांगण्यावरून सीताफळाच्या आठ रोपांना असा थर दिला. शेजारच्या रोपांपेक्षा पाण्याची एक पाळी लांबवता आली असं तो म्हणतो. एकाच्या आठ झाडांवरून मी काही सिद्ध झालं म्हणणार नाही.

चिंचोक्याचंही तेच. चिंच फोडणाऱ्या बाया आणि खळ करणारे विणकर एकाच गावचे. पाट्यावर चिंचोके वाटून बायांचे खांदे भरून येतात. प्रकल्पाच्या पैशातून भरड दळायचं एक छोटं यंत्र घेतलं तर खळीचं पीठ वर्षभर डब्यात ठेवता येईल, आणि उरलेलं पीठ विकताही येईल. बारा मागांच्या किमतीत ते कुठल्या कुठं बसेल. बांधावर नव्यानं चिंच लावणारांनी प्रतिष्ठान किंवा शिवाई या जातींची कलमं लावावीत. बियांपासून लावलेल्या झाडाची वाट नातवाला बघावी लागते.

ओळखपत्राच्या बाबतीत भाऊसाहेबांनी आणि सरपंचांनी एक काम १ मेच्या आधीच करावं. घरोघर जाऊन कोण विणतं एवढंच न विचारता, कोण कातते, कोण ताणा काढते, खळ कोण लावते, असं विचारून नावं लिहावीत. नावासमोर बाईचंच नाव. ठराव करून ती यादी वस्त्रोद्योग खात्याच्या प्रादेशिक कार्यालयाकडे पाठवावी आणि आवक क्रमांक घ्यावा. सगळ्यांना कार्ड मिळेल असं मी सांगत नाही. पण यादीच गेली नाही तर मिळणारच नाही. मोजणी पुन्हा होईल तेव्हा गावाकडे कागद तयार असेल.

प्रशिक्षणाचं म्हणाल तर ते एप्रिल-मेमध्ये ठेवू नका, मार्चअखेर पैसा आला तरी. नवीन पोरींना कातायला शिकवायचं असेल तर पावसाळ्यात शिकवा, पेरणी-भांगलणीच्या मधल्या दिवसांत. माग तेव्हा बंद असतात, शिकवणाऱ्या आज्या मोकळ्या असतात. शिकवणाऱ्या आजीला प्रशिक्षक म्हणून मानधन द्या. बाहेरून आणलेल्या प्रशिक्षकाला देतो तेवढंच. तिच्याकडे प्रमाणपत्र नाही अशी हरकत लेखापरीक्षणात येईल, तेव्हा ठरावातच तिचं नाव आणि किती वर्षं कातते हे घालून ठेवा.

परवा पुन्हा त्या गावी गेलो होतो. कुरडयांचा चीक घाटायचं काम चाललं होतं, अंगणभर पांढऱ्या कुरडया वाळत होत्या. ती आजी चरख्यापाशीच होती. "काय ठरलं सायेब?" म्हणाली. म्हटलं, आजी, ग्रामसभा व्हायची आहे अजून. ती म्हणाली, "मग त्या दिवशी सभा सकाळी आठला घ्या म्हनावं. दुपारच्याला ठिवली तर आमी न्हाय यायच्या. ताणा उन्हात असतुया." भाऊसाहेबांच्या कानावर घातलंय. नोटिशीवर अजून अकराची वेळ आहे.